क्यूबामार्गे ॲरिझोना: एस्टा नाकारला गेल्यानंतरचा प्रवास

एप्रिल २०२४ मधल्या एका रविवारी संध्याकाळी मी आणि माझा नवरा जेवणाच्या टेबलाशी बसून अमेरिकेच्या प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, म्हणजे एस्टा, मागणारे दोन अर्ज भरत होतो. आम्हा दोघांचे पासपोर्ट ब्रिटिश आहेत आणि ब्रिटन अमेरिकेच्या व्हिसामाफी योजनेत असल्यामुळे ९० दिवसांपर्यंतच्या पर्यटनासाठी व्हिसाऐवजी ही परवानगी पुरते. ऑक्टोबरमध्ये ॲरिझोनातले ग्रँड कॅन्यन पाहायचे आणि तिथून उत्तरेला युटामधल्या झायन व ब्राइस कॅन्यनकडे जायचे, असा आमचा बेत होता. नवऱ्याचा अर्ज थोड्याच वेळात मंजूर झाला. माझा मात्र विचाराधीन राहिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा पाहिले तेव्हा तिथे तीनच शब्द होते: प्रवासास परवानगी नाही.

नकाराचे कारण तिथे दिलेले नसते, पण मला ते शोधावे लागले नाही. अर्जात एक प्रश्न क्यूबाविषयी होता आणि त्याला मी ‘होय’ असे उत्तर दिले होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये मी एका जुन्या कॉलेजमैत्रिणीबरोबर बारा दिवस क्यूबात होते. आम्ही हवानाच्या जुन्या वस्तीत राहिलो, विन्यालेसच्या दरीत तंबाखूची शेते पाहिली आणि तिथल्याच त्रिनिदाद नावाच्या गावाच्या दगडी रस्त्यांवरून फिरलो. नवऱ्याला त्या वेळी रजा मिळाली नव्हती, म्हणून तो आला नव्हता. आमच्या दोन अर्जांमधला फरक एवढाच होता.

या नियमाचा उगम मी नंतर नीट वाचून काढला, कारण ज्या गोष्टीने आपली वाट अडवली ती समजून न घेता पुढचा अर्ज भरणे मला पटत नव्हते. डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने व्हिसामाफी योजनेचा कायदा कडक केला. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सुदान किंवा सीरियात गेलेल्या माणसाला, तो योजनेतल्या देशाचा नागरिक असला तरी, त्यानंतर व्हिसा घेणे भाग पडले. काही महिन्यांनी त्यात लिबिया, सोमालिया आणि येमेन यांची भर पडली आणि पुढे उत्तर कोरियाचीही. क्यूबाचा प्रश्न आला तो १२ जानेवारी २०२१ रोजी, जेव्हा अमेरिकेने त्या देशाला दहशतवादाला पाठबळ देणाऱ्या देशांच्या यादीत परत टाकले. त्याच यादीतून क्यूबाला २०१५ मध्ये वगळण्यात आले होते. म्हणजे त्या जानेवारीआधी क्यूबा पाहून आलेल्या पर्यटकाला एस्टा मिळू शकतो आणि त्यानंतर गेलेल्याला मिळत नाही, मग तो तिथे समुद्रकिनारी आठ दिवस पडून राहिलेला का असेना. सरकारी किंवा लष्करी कामासाठी गेलेल्यांना काही सवलती आहेत, पण सुट्टीसाठी गेलेल्यांना नाहीत. हा नियम मला आजही गरजेपेक्षा जास्त ढोबळ वाटतो. तरीही तो लपवलेला नाही आणि क्यूबाचे तिकीट काढण्याआधी मला तो वाचता आला असता, हेही तितकेच खरे आहे.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे लिहायला हवी, कारण त्या आठवड्यात मला तीन वेगवेगळ्या माणसांनी एकच सल्ला दिला. क्यूबाचे पर्यटक कार्ड हा पासपोर्टबाहेरचा स्वतंत्र कागद होता, माझ्या पासपोर्टवर त्या देशाचा शिक्का नव्हता, तेव्हा पुन्हा अर्ज करून ‘नाही’ म्हण, कोणाला कळणार आहे, असे त्यांचे म्हणणे होते. हा सल्ला चांगल्या हेतूने दिलेला असला तरी अतिशय धोक्याचा आहे. प्रवासाच्या परवानगीसाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली, तर अमेरिकी कायद्यानुसार त्या माणसाला कायमचे अपात्र ठरवता येते. माझ्या बाबतीत तर पहिल्या अर्जातले ‘होय’ आधीच नोंदलेले होते. खरे उत्तर देऊन मला फक्त एक सोय गमवावी लागली होती, खोटे उत्तर देऊन तो देशच गमवावा लागला असता.

“मग आता अपील करायचं का?” नवऱ्याने विचारले. अपिलाची सोय नाही. २०२४ मध्ये नाकारलेल्या अर्जाचे फक्त ४ डॉलर कापले जात, उरलेले १७ डॉलर मंजुरीनंतरच लागत, आणि एस्टा का नाकारला याचा खुलासा दूतावासही करू शकत नाही. उरतो तो व्हिसाचा मार्ग. तेव्हा माझ्या मनात जो गोंधळ होता तो पुष्कळांच्या मनात असतो, म्हणून सांगते: एस्टा नाकारणे म्हणजे व्हिसा नाकारणे नव्हे आणि अमेरिकेत प्रवेशबंदी होणे तर नव्हेच. एस्टाची यंत्रणा ठरावीक प्रश्नांची उत्तरे तपासून हा माणूस व्हिसामाफीच्या योजनेत बसतो की नाही, एवढेच ठरवते. व्हिसाच्या वेळी मात्र समोर एक अधिकारी असतो आणि तो तुमचे म्हणणे ऐकून घेतो. मला हा फरक कळायला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस मी उगाच अपराधी असल्यासारखी वावरत होते.

पर्यटनाच्या व्हिसासाठी डीएस-१६० नावाचा ऑनलाइन अर्ज भरावा लागतो आणि त्याचे शुल्क १८५ डॉलर आहे, जे व्हिसा न मिळाल्यास परत येत नाही. एस्टाचा अर्ज वीस मिनिटांत होतो. डीएस-१६० ला मला दोन संध्याकाळी लागल्या. पान काही वेळ तसेच उघडे राहिले तर ते बंद होते, म्हणून सुरुवातीला मिळणारा अर्ज क्रमांक लिहून ठेवणे आणि प्रत्येक पानानंतर माहिती जतन करणे आवश्यक आहे. गेल्या पाच वर्षांत कोणकोणत्या देशांत गेलात, याआधी कोणत्या देशाचे नागरिक होता, आधीच्या नोकऱ्या कोणत्या, आईवडिलांच्या जन्मतारखा काय, गेल्या पाच वर्षांत समाजमाध्यमांवर कोणत्या नावांनी वावरलात, असे सगळे त्यात विचारतात. मी पूर्वी भारतीय नागरिक होते, तेही तिथे लिहिले. देशांची यादी आठवणीवर विसंबून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. मी जुनी तिकिटे आणि ईमेल काढून बसले तेव्हा बेल्जियमची एक दोन दिवसांची कामाची फेरी मी साफ विसरले होते, असे लक्षात आले.

माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे पान सुरक्षाविषयक प्रश्नांच्या आधी आले. व्हिसामाफी योजनेतल्या देशांच्या नागरिकांना तिथे थेट विचारले जाते की एस्टाद्वारे मागितलेली प्रवासाची परवानगी तुम्हांला कधी नाकारली गेली आहे का. त्याखाली खुलाशासाठी रिकामी चौकट असते. तिच्यात काय लिहावे याचा मी बराच विचार केला. पहिल्या मसुद्यात मी नियमाविषयी तक्रार केली होती, दुसऱ्यात माफी मागितली होती, आणि दोन्ही खोडून शेवटी तीन वाक्ये ठेवली: एप्रिल २०२४ मध्ये माझा एस्टा नाकारला गेला, फेब्रुवारी २०२३ मध्ये मी बारा दिवस पर्यटक म्हणून क्यूबात होते हे त्याचे कारण असावे असे मला वाटते, आणि म्हणून मी व्हिसासाठी अर्ज करत आहे. जेवढे घडले तेवढेच, तारखांसह. ही तीन वाक्ये आणि मुलाखतीतले माझे बोलणे एकमेकांशी जुळायला हवे, हे मी मनाशी पक्के केले होते.

छायाचित्रासाठीही वेगळी खेप झाली. ब्रिटिश पासपोर्टचे छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचे असते आणि अमेरिकी व्हिसाला दोन इंच बाय दोन इंच असे चौरस लागते, गेल्या सहा महिन्यांत काढलेले आणि चष्म्याशिवायचे. मुलाखतीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. तोपर्यंत आम्ही विमानाचे तिकीट काढले नाही आणि राहण्याची जी ठिकाणे विनाशुल्क रद्द करता येत होती तेवढीच राखून ठेवली. तिकीट नंतर महाग पडले, पण तो निर्णय बरोबरच होता.

जुलैमध्ये ठरलेल्या सकाळी मी नाइन एल्म्स स्थानकावर उतरले. अमेरिकेचा लंडनमधला दूतावास वर्षानुवर्षे ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये होता, जानेवारी २०१८ पासून तो थेम्सच्या दक्षिणेला या नव्या इमारतीत आहे: काचेचा मोठा घन, तीन बाजूंनी पांढऱ्या शिडांसारखे पडदे आणि शेजारी पाण्याचे तळे. लॅपटॉप आणि मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत, म्हणून हातात फक्त कागदांची एक फाइल होती. तिच्यात नोकरीचे पत्र, बँकेची विवरणपत्रे, घराचे कागद, प्रवासाचा आराखडा आणि क्यूबाच्या प्रवासाची तिकिटे मी क्रमाने लावली होती. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतरविषयक कायद्यात असे गृहीत धरलेले आहे की पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक माणूस तिथे कायमचा राहायला निघाला आहे, आणि तसे नाही हे पटवून देण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. हे आधी माहीत असले की नोकरी, घर आणि कुटुंब यांविषयीचे प्रश्न अविश्वासाचे वाटत नाहीत.

आत आधी कागद तपासले गेले, मग दहाही बोटांचे ठसे घेतले आणि तासाभराने माझा क्रमांक पुकारला गेला. काचेपलीकडचा अधिकारी तरुण होता आणि शांतपणे बोलत होता. कशासाठी जात आहात, कोणाबरोबर, किती दिवस, काय काम करता, असे प्रश्न झाले. मग त्याने पडद्याकडे पाहत विचारले की एस्टा का नाकारला गेला असे तुम्हांला वाटते. मी चौकटीतली तीन वाक्ये जशीच्या तशी सांगितली. त्याने विचारले, क्यूबात काय पाहिलेत? मी विन्यालेसच्या दरीतल्या चुनखडीच्या उभ्या टेकड्यांचे आणि तंबाखूची पाने वाळवायच्या गवती छपराच्या घरांचे वर्णन करू लागले आणि त्या नादात माझ्या आवाजातला ताण कधी गेला ते मला कळलेच नाही. तिथे कोणाकडे राहिलात, कोणी नातेवाईक आहेत का, असे आणखी दोन प्रश्न विचारून त्याने माझा पासपोर्ट बाजूला ठेवला आणि व्हिसा मंजूर झाल्याचे सांगितले. सगळे मिळून चार-पाच मिनिटे झाली असतील. फाइलमधला एकही कागद त्याने मागितला नाही. तरीही ती फाइल नेली नसती तर मी इतक्या निश्चिंतपणे बोलू शकले नसते.

पासपोर्ट आठ दिवसांनी कुरिअरने आला. व्हिसा दहा वर्षांचा आणि अनेक फेऱ्यांसाठीचा होता. मधल्या काळात पासपोर्टची मुदत संपली तरी जुना आणि नवा असे दोन्ही पासपोर्ट बरोबर नेऊन तो वापरता येतो, आणि तो आहे तोवर मला एस्टाची गरज नाही. त्याच रात्री आम्ही तिकिटे काढली.

५ ऑक्टोबरला फिनिक्सच्या विमानतळावर आम्ही दोघे एकाच खिडकीशी उभे राहिलो. व्हिसा म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे, शेवटचा निर्णय तिथल्या अधिकाऱ्याचा असतो, हे मला ठाऊक होते आणि माझे तळहात ओले झाले होते. त्याने किती दिवस आणि कुठे एवढेच विचारले. क्यूबाचे नावही निघाले नाही. रात्री फ्लॅगस्टाफला मुक्कामी पोचल्यावर आम्ही प्रवेशाची ऑनलाइन नोंद उघडून पाहिली. एस्टावर आलेल्या नवऱ्याला जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत राहता येणार होते आणि व्हिसावर आलेल्या मला सहा महिने, एप्रिलपर्यंत. आमची रजा तेरा दिवसांची होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच निघून आम्ही माथर पॉइंटला पोचलो. दीड किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या दरीत उजेड वरून खाली एकेक थर उतरत होता आणि सगळ्यांत तळाशी अजून काळोख होता. मी एक छायाचित्र काढून क्यूबाला माझ्याबरोबर आलेल्या मैत्रिणीला पाठवले. ती जर्मनीत राहते, तिचा पासपोर्ट जर्मन आहे आणि तिलाही पुढच्या वर्षी अमेरिकेला जायचे आहे. तिचे उत्तर लगेच आले, “मलाही हेच करावं लागेल ना गं?” मी तिथेच कठड्याला टेकून तिला लिहिले, “हो. एस्टाच्या भानगडीत पडूच नकोस, थेट व्हिसाचा अर्ज कर आणि सहा महिने आधी कर,” आणि आमच्या क्यूबाच्या प्रवासाच्या जाण्यायेण्याच्या तारखा तिला पाठवून दिल्या.