बॅटरी बदलली, ॲम्प तरी बंदच पडायचा

मे महिन्यात अमळनेरला दुपारी पारा ४४ च्या पुढेही जातो. त्यामुळे गाडीतला ॲम्प, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर, बंद पडायला लागला तेव्हा ज्याला त्याला कारण ठरलेलंच सापडलं: "तापला असंल."

मलाही पटलं होतं. मागच्या सीटखाली ६०० वॅटचा ॲम्प, डिक्कीत १२ इंची वूफर, म्हणजे ढोलाचे जाड आवाज काढणारा मोठा स्पीकर. मामेभावाच्या हळदीला गाडीतूनच अहिराणी गाणी वाजवायचा बेत होता. गाणं सुरू झालं की दोन मिनिटं झकास. मग ढोलाचा जोरात ठोका पडला की वूफर गप्प, ॲम्पवर लाल दिवा, तीन सेकंदांनी परत चालू. शिवाय ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईई असा बारीक आवाज, रेस वाढली की तोही चढायचा.

पण एके दिवशी पहाटे पाचला, गाडी थंडगार असताना, पहिल्याच गाण्याला तेच झालं. म्हणजे तापण्याचा विषय संपला.

मग बॅटरी. दुकानदाराने मीटर लावून "वीक आहे" म्हटलं, मी जुनी देऊन नवी बसवली. साडेचार हजार गेले, फरक शून्य. पुढे कुणीतरी कपॅसिटर (ठोक्याला लागणारा करंट क्षणभर साठवून देणारा डबा) बसवायचा सल्ला दिला. तेवढे पैसे उरले नव्हते म्हणून वाचलो, कारण आमच्या गल्लीतले काका मध्ये पडले. भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेले, बोलणं कमी.

"काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी सगळी हकीकत सांगितली. ते म्हणाले, बॅटरीवर मोजून काय कळणार, ॲम्पवर मोज.

मी ३५० रुपयांचा मल्टिमीटर आणला. इंजिन बंद असताना बॅटरी १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १४.१. ॲम्पच्या टर्मिनलवर १४.०. मी खूश झालो, वायरिंग तर ठीक आहे. काका हसले. करंट वाहतच नाहीये तर व्होल्टेज पडेल कशाला? नळ बंद असताना गंजलेल्या पाइपातही प्रेशर पूर्ण दिसतं.

"गानं लाव आते."

गाण्यात आकडा उड्या मारतो, म्हणून मोबाइलवरून ५० हर्ट्झचा सलग सूर लावला. दहा सेकंदांच्या वर नाही, नाहीतर वूफरची कॉइल जळायची. इंजिन चालूच. बॅटरीवर १३.६. ॲम्पवर १०.८, आणि लगेच लाल दिवा. बॅटरी बिचारी बरोबर देत होती, २.८ व्होल्ट वाटेतच गडप होत होते.

कुठे गडप होतात ते शोधायची युक्ती मला फार आवडली. काकांकडे सहा मीटर वायर आणि क्रोकोडाइल क्लिप होत्या. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी ॲम्पच्या प्लसला, आणि सूर चालू. मीटर त्या वायरने खाल्लेले व्होल्टच दाखवतो: ०.९. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून ॲम्पच्या मायनसपर्यंत: १.९. बेरीज बरोबर २.८. ॲम्पची मायनस गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते, तेच अर्थिंग. चांगल्या अर्थिंगला ०.१ च्या आसपास किंवा त्याहून कमी यायला हवं.

डिक्कीतलं कार्पेट उचललं. अर्थिंगची वायर तळाच्या पत्र्यात एका साध्या स्क्रूने आवळलेली, थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीखाली) कंपनीचा पेंट जसाच्या तसा. शेजारचा नट कोमट, हा स्क्रू मात्र बोटाला चटका देणारा. साहजिकच आहे: ४५ अँपिअर गुणिले १.९ व्होल्ट म्हणजे ८५ वॅट त्या टिकलीएवढ्या जागेत! आणि हे काम मी स्वतः कौतुकाने "एक नंबर" म्हणून पैसे देऊन करून घेतलं होतं.

आधी बॅटरीची मायनस काढली. मग पॉलिश पेपरने पत्रा चांदीसारखा होईपर्यंत घासला, नट-बोल्ट आणि दातेरी वॉशर लावून थिंबल आवळलं, गंजू नये म्हणून वरून ग्रीस. नवं भोक पाडणार असाल तर खाली पेट्रोलची टाकी आहे का ते आधी वाकून बघा. परत मोजलं: १.९ चं ०.०६ झालं.

राहिला प्लस. वायरच्या एका तारेवर ब्लेड फिरवलं, तर वरची तांब्याची चकाकी गेली आणि आत पांढरं अल्युमिनियम. तांब्याच्या भावात घेतलेली वायर! दुसऱ्या दिवशी खऱ्या तांब्याची ४ गेज (जाड) वायर टाकली. जुन्या जोडणीत फ्यूज ॲम्पशेजारी होता. वायर मध्येच कुठे घासून बॉडीला टेकली असती तर तो फ्यूज काहीच करू शकला नसता. तो बॅटरीपासून वीतभर अंतरावर आणला. आता प्लसवर ०.२५ पडतात, ॲम्पला १३.३ व्होल्ट मिळतात. कुंईई आवाजही बराच गेला. उरलासुरला आवाज, ऑडिओ केबल पॉवरच्या वायरपासून लांब, दुसऱ्या बाजूने घेतल्यावर गेला.

हळदीला ॲम्प एकदाही बंद पडला नाही. नंतर आठवड्याने जुनी बॅटरी परत मागायला दुकानात गेलो. ती एव्हाना कुणाच्या तरी ट्रॅक्टरात बसली होती, आणि पहिल्याच सेल्फला स्टार्ट करत होती म्हणे.