आमची वाटचाल: एसी पंपवाले

आमच्या गाळ्यावर पाटी आहे फ्युएल पंप आणि कार्ब्युरेटरच्या कामाची, पण बडोद्यातले जुने मिस्त्री आम्हाला 'एसी पंपवाले' म्हणूनच ओळखतात. ॲम्बेसेडरच्या जमान्यात इंजिनच्या कुशीला बसणाऱ्या पेट्रोलच्या पंपाला सगळे एसी पंपच म्हणायचे, एका जुन्या ब्रँडच्या नावावरून. नव्या पिढीला हे कुठून माहीत असणार? उन्हाळ्यात आठवड्याला एक तरी फोन येतोच, "घरचा स्प्लिट एसी गार करत नाहीये, कधी येताय?"

धंदा काढला बाबांनी. ते कोयलीच्या रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट फिटर होते. रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, बाबा बऱ्याच वर्षांनी लागले आणि सगळी नोकरी कंट्रोल व्हॉल्व्ह उघडण्यात गेली. त्या व्हॉल्व्हच्या डोक्यावर परातीएवढी टोपी असते. आत रबरी पडदा, त्याच्या एका अंगाला हवेचा दाब, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग. त्यामुळे कुठल्याही यंत्रात पडदा आणि स्प्रिंग दिसली की बाबांना तो आपल्यातलाच माणूस वाटायचा.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे दांडिया बाजारातले आमचे शेजारी. त्यांची पद्मिनी घरून निघायची आणि कोठीपर्यंत जाऊन बसायची. "चार महिन्यांत तिसरा डायफ्राम," काका म्हणाले. बाबांनी पंप घरी आणला, वर्तमानपत्र पसरलं, सहा स्क्रू काढून पडदा उजेडाकडे धरला. मधे तो धड होता. फाटला होता कडेला, स्क्रूच्या भोकांपाशी. बाबा म्हणाले, "याला ताणून मारलाय." मिस्त्री पडदा सपाट ठेवून झाकण आवळत होता. मग इंजिन फिरलं की लीव्हर पडद्याला पूर्ण खाली ओढणार आणि तो सगळा ताण कडेवर येणार. बाबांनी स्क्रू नुसते बोटाने लावले, आईला बोलावलं, तिला लीव्हर शेवटपर्यंत दाबून धरायला सांगितलं आणि ती धरून असतानाच समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे करत आवळले. पोळ्यांचं पीठ लागलेला आईचा अंगठा त्या लीव्हरवर होता, हे मला अजून दिसतं. काका परत स्वतःचा पंप घेऊन आले नाहीत. दुसऱ्यांचे घेऊन आले.

पुढे हे सगळं घरात मावेना, म्हणून बाबा निवृत्त झाल्यावर मकरपुरा जीआयडीसीत गाळा घेतला. मी तेव्हा पॉलिटेक्निकला होतो. पद्मिनी, ॲम्बेसेडर, जीप, शिवाय कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. सगळ्यांचा पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या आत फिरणाऱ्या दांड्यावर, चालणारा. काम भरपूर. मग २००० च्या आसपास एमपीएफआय आलं, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारायची पद्धत, पंप विजेवर चालायला लागला आणि पेट्रोलच्या टाकीत जाऊन बसला. आमच्या हातातलं काम आटलं. दोन पोरं कमी करावी लागली, एक लेथ विकला. ते दिवस फार सांगण्यासारखे नाहीत.

परत उभे राहिलो ते शौकीन लोकांमुळे. जुन्या गाड्या ज्यांनी विकल्या नाहीत, किंवा विकून पस्तावून परत घेतल्या, ते लोक. आणि त्यांच्यापैकीच एकाच्या गाडीवर मी आयुष्यातली सगळ्यात महाग चूक केली.

पद्मिनीच होती, पण साधी नव्हे. १०८९ सीसीचं इंजिन, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, कॅम बदललेला आणि मूळ कार्ब्युरेटरच्या जागी दोन आडवे वेबर. मालक म्हणाले, वर खेचताना गाडी उपाशी पडते, जोरदार पंप करून द्या. मी नुकताच 'परफॉर्मन्स' हा शब्द शिकलो होतो. पंप उघडला, डायफ्रामखाली कडक स्प्रिंग टाकली, दाबाचा गेज लावला, काटा ७ पीएसआयला (चौरस इंचावर ७ पौंड दाब) गेला. छाती फुगली. गाडी गेली आणि तिसऱ्या दिवशी टो होऊन आली. प्लग काळे, बॉनेटखाली पेट्रोलचा भपकारा, आणि ऑइलची दांडी काढली तर पातळी खुणेच्या बोटभर वर. ऑइल पाण्यासारखं पातळ. वेबरची नीडल, म्हणजे कार्ब्युरेटर भरला की पेट्रोल बंद करणारी सुई, ३ पीएसआयच्या आसपास खूश असते. त्याच्या दुपटीहून जास्त दाबाला ती बंदच होत नव्हती. पेट्रोल ओसंडून सिलिंडरमध्ये, तिथून रिंगच्या कडेने ऑइलमध्ये. आग लागली नाही हे नशीब. बेअरिंगचा खर्च मी भरला.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "त्याला पेट्रोल पाहिजे होतं. तू त्याला दाब दिलास."

या पंपात लीव्हर पेट्रोल ढकलत नाही, हे माझ्या पोरांना मी आता पहिल्या दिवशी सांगतो. कॅमवरचा तिरका गोल, म्हणजे केंद्रापासून सरकलेला गोल, लीव्हर हलवतो, लीव्हर पडदा खाली ओढतो, टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. वर ढकलायचं काम स्प्रिंगचं. कार्ब्युरेटर भरला, नीडल मिटली, की पडदा खालीच थांबतो आणि लीव्हर रिकामा डुलत राहतो. म्हणजे दाब ठरतो स्प्रिंगवर. मात्रा ठरते पडद्याच्या चालीवर, व्हॉल्व्हवर आणि सगळ्यात जास्त टाकीपासून येणाऱ्या नळीवर. त्या पद्मिनीची गोष्ट नळीचीच होती. मागच्या चाकापाशी जॅक लागून ती चेपली होती. नळी बदलली, स्प्रिंग मूळची टाकली, गाडी पळाली.

हिशोबही सोपा आहे, फक्त करायला हवा. पेट्रोल इंजिनला पूर्ण ताकदीवर दर हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. त्या ट्यून केलेल्या पद्मिनीचे ७० हॉर्सपॉवर धरले, तरी तासाला १६ किलो, म्हणजे २१-२२ लिटर. नळी मोकळी असेल तर धड अवस्थेतला साधा पंप तेवढं आरामात देतो. आम्ही पंपाची बाहेरची नळी मापाच्या बाटलीत सोडून घड्याळ लावतो: आयडलवर अर्ध्या मिनिटात पाव लिटर आलं की त्या इंजिनाला पुरे.

२०२३ च्या जानेवारीत लक्ष्मी विलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन, २१ गन सल्यूट कॉन्कूर, भरलं. त्यानंतर आमचे फोन वाढले. तिथे परीक्षक गाडी मूळ रूपात आहे का हे बघतात. इंजिनवरचा पंप काढून मागे कुठेतरी विजेचा पंप टिकटिकत असेल तर मालकाची मान खाली जाते. तसं माझं विजेच्या पंपाशी वैर नाही. पण तो लावायचा तर इंजिन बंद पडल्यावर किंवा धडक बसल्यावर पंप आपोआप बंद पाडणारा स्विच लागतो, आणि तो टाळणारे खूप भेटतात. मेकॅनिकल पंप इंजिन थांबलं की थांबतो. रात्री तरी शांत झोप लागते.

त्याच सुमारास एक शेवरले इम्पाला आली. ३२७ क्युबिक इंचांचं व्ही-८, म्हणजे ५.४ लिटर, नवा कॅम, वर चार बॅरलचा होली कार्ब्युरेटर. मालकांनी परदेशातून पंप मागवला होता, खोक्यावर ठळक अक्षरांत तासाला ११० गॅलन. मी विचारलं, "साहेब, इंजिन किती हॉर्सपॉवरचं?" म्हणाले, तीनशे. मग कागदावर मांडलं: ३०० ला तासाला १५० पौंड, ६८ किलो, ९० लिटरच्या वर थोडं. अमेरिकन गॅलनमध्ये २५ सुद्धा नाही. खोक्यावरचा आकडा तोंड उघडं ठेवून मोजलेला, समोर कसलाही दाब नसताना. म्हणून थोडं जास्त धरावं हे खरं, पण चौपट? साहेब हिरमुसले. मोठा पंप दाखवायची हौस होती. शेवटी साध्या बनावटीचा, ६ पीएसआयच्या आसपासचा पंप बसवायचं ठरलं. होलीला तेवढा दाब मानवतो.

बसवण्यापूर्वी सक्शनच्या, म्हणजे टाकीकडच्या, बाजूला व्हॅक्यूम गेज लावला आणि जुन्या पंपावर इंजिन चालवलं. काटा नको तितका खाली ओढला जात होता, म्हणजे नळी तुंबलेली. टाकीतला गाळ, आतून गंजलेली नळी, शिवाय एका रबरी होजला केसाएवढी चीर. ती चीर वाईट, कारण तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. खाली थेंब दिसत नाही आणि माणूस पंपाला शिव्या देत बसतो.

या शेवरलेच्या इंजिनात लीव्हर थेट कॅमला टेकत नाही. मधे पावणेसहा इंचांचा एक पोलादी दांडा असतो. पंप काढला की दांडा घसरून खाली येतो, आणि पंप लावताना तो वर धरायला तिसरा हात लागतो. पुस्तकी उपाय म्हणजे जाड ग्रीस. मे महिन्यातल्या बडोद्यात ग्रीस चटकन सैल होतं, दांडा हळूच उतरतो, लीव्हर त्याच्याखाली न जाता बाजूला बसतो, आणि बोल्ट आवळताना कट्ट असा आवाज येतो. तो ऐकला की थांबायचं. ब्लॉकच्या तोंडावर एक छोटा बोल्ट असतो, त्याचं भोक थेट दांड्यापर्यंत जातं. तो काढून तिथे लांब बोल्ट हाताने, नुसत्या बोटाने, टेकवायचा. दांडा जागीच राहतो. पंप लागला की लांब बोल्ट काढून छोटा परत, सीलंट लावून, नाहीतर तिथून ऑइल झिरपतं. आणि लांब बोल्ट विसरलात तर कॅमची वाट लागली. आमच्याकडे तो बोल्ट लाल रंगवलेला आहे आणि गाडीची किल्ली त्याच्याच हुकाला अडकवतो. बोल्ट हुकावर परत आल्याशिवाय किल्ली कुणाला मिळत नाही.

आणखी एक. कॅम रोलरचा आणि घडीव पोलादाचा असेल तर साधा दांडा त्याला खातो. मग टोकाला ब्राँझ असलेला दांडा घ्यावा लागतो. या इम्पालात कॅम साधा होता, सुटलो. इंजिन असं फिरवून ठेवलं की तिरका गोल खालच्या बाजूला येईल, म्हणजे पंप दाबून बसवावा लागत नाही. आयडलवर अर्ध्या मिनिटात अर्धा लिटर, गेजवर ६. साहेबांनी पंपाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "एवढासाच?"

सध्याची डोकेदुखी वेगळी आहे. ई-२० पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. २०२३ पासून ते येऊ लागलं आणि आता जवळजवळ सगळीकडे तेच आहे. जुन्या नायट्राइल रबराच्या पडद्यांना इथेनॉल मानवत नाही. पडदा फुगतो, मऊ पडतो किंवा सुकून कडक होतो. वर्षानुवर्षं पडून असलेली 'एनओएस' किट, खोकं न फोडलेली, लोक हौसेने आणतात. पडदा चाळीस वर्षांपूर्वीचा, आजच्या पेट्रोलसाठी बनलेलाच नाही. तो बसवायला मी नाही म्हणतो. आम्ही फ्लुओरोकार्बन रबर चढवलेल्या कापडातून डायने पडदे कापतो. होजही त्याच पेट्रोलला चालणारी. पडदा फाटला की पेट्रोल पंपाच्या पोटातल्या छोट्या भोकातून बाहेर गळतं, आणि ते भोक मळाने बुजलं असेल तर थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ऑइलची दांडी काढली की वास घ्यायचा. बाबा तर नुसत्या वासावरून सांगतात, रिफायनरीचं नाक आहे ते.

उन्हाळ्यातली दुसरी तक्रार म्हणजे व्हेपर लॉक: उष्णतेने पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ते खेचता येत नाही. पूर्वी पद्मिनीवाले घाटात पंपावर ओलं फडकं टाकायचे. ते अडाणीपणाचं नव्हतं. आम्ही पंप आणि ब्लॉकमध्ये जाड बेकेलाइटचा तुकडा घालतो, नळी एक्झॉस्टपासून लांब नेतो, आणि गरज असेल तर तीन तोंडांचा फिल्टर लावून टाकीत परतीची बारीक नळी सोडतो, म्हणजे पेट्रोल एका जागी उकळत बसत नाही. फियाटमध्ये, म्हणजे पद्मिनीतही, बेकेलाइटसोबतच्या कागदी गास्केटची जाडी मनाने बदलायची नाही. तिच्यावर पंप चालवणारा दांडा किती बाहेर येतो हे ठरतं, म्हणजे पंपाची चालच ठरते. मग मे महिन्यात दुपारी पावागढ. माचीपर्यंत चढ, वर चहा, इंजिन बंद करून वीस मिनिटं थांबायचं आणि परत स्टार्ट. खरी परीक्षा त्या परतच्या स्टार्टची. ओलं फडकं अजूनही डिकीत असतं, बाबांच्या आग्रहाखातर.

परवा एक विलिस जीप आली. एकाच पंपात दोन पडदे: एक पेट्रोलचा, दुसरा वायपरसाठी व्हॅक्यूम करणारा, कारण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा व्हॅक्यूम पडतो आणि वायपर नेमका पावसातच थांबतो. बाबांनी चष्मा लावला, पडदे बसवले, स्क्रू बोटाने लावले आणि सवयीने आईला हाक मारली. ती डबा द्यायला आली होती. म्हणाली, "हात धुतलेत मी. पोराला सांगा."

लीव्हर मी धरला.