टीएसएच नॉर्मल, तरी थायरॉइड कमी : माझा अनुभव

आमच्या स्वयंपाकघराच्या चौकटीवर माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत. अकराव्या वाढदिवसानंतरच्या तिन्ही खुणा एकमेकींना चिकटलेल्या. आठव्या वर्षी माझ्या मेंदूतली गाठ काढली. मेडुलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांत आढळणारा मेंदूचा एक कॅन्सर. मग डोक्याला आणि मणक्याला रेडिएशन, नंतर केमो. उंची खुंटली तेव्हा ग्रोथ हार्मोनची इंजेक्शनं सुचवली होती, पण रोजचं इंजेक्शन वर्षानुवर्षं परवडणारं नव्हतं. जीव वाचला हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. मलाही तेच वाटायचं.

चोविसाव्या वर्षी अंगातलं त्राणच गेलं. मे महिन्यातही पंखा नको वाटायचा, केस गळायचे, ऑफिसमधून आले की चपला न काढता आडवी व्हायचे. थायरॉइड तपासलं, टीएसएच नॉर्मल. रक्तवाढीच्या गोळ्या, टॉनिक, 'टेन्शन घेऊ नकोस'. यात दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटी पुण्याला हार्मोनच्या डॉक्टर मॅडमकडे गेलो. त्यांनी आधी विचारलं, "रेडिएशन किती दिलं होतं?" मला कुठलं माहीत! आईने मांडीवरच्या पिशवीतून फाइल काढली. अठरा वर्षं तिने ती साड्यांखाली जपली होती. पिवळ्या पडलेल्या कागदावर होतं : डोकं आणि मणका ३६ ग्रे, गाठीच्या जागी एकूण ५४. ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप. मॅडमनी त्या ओळीवर बोट ठेवूनच समजावलं. थायरॉइडला काम सांगते मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी, आणि तिचा निरोप म्हणजेच टीएसएच. रेडिएशनने पिट्यूटरी आणि तिच्या वरचा मेंदूचा भाग हळूहळू, कधी कधी अनेक वर्षांनी कमजोर होतो. मग थायरॉइड कमी पडलं तरी टीएसएच एरवीसारखा वाढत नाही. म्हणून फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं रक्तातलं हार्मोन, सुद्धा बघायचा. माझा बराच खाली निघाला.

तरी गोळी लगेच दिली नाही. आधी सकाळी आठ वाजता कॉर्टिसोलसाठी रक्त. हे शरीराला ताण झेलायला लागणारं हार्मोन, तेही पिट्यूटरीच्याच निरोपावर चालतं. तेही कमी असताना थायरॉइडची गोळी आधी सुरू केली, तर जिवावर बेतू शकतं. रिपोर्ट येईपर्यंत आई झोपली नाही. कॉर्टिसोल ठीक निघालं.

आता उठल्याबरोबर गोळी, तासाभराने चहा. दोनेक महिन्यांनी एका संध्याकाळी ऑफिसमधून येऊन मीच पोळ्या लाटल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

पुढच्या महिन्यात हाडांची डेक्सा तपासणी आहे, ग्रोथ हार्मोनही पुन्हा बघणार आहेत. फाइलच्या झेरॉक्स काढल्यात. मूळ फाइल मात्र आई कुणाच्या हातात देत नाही.