गरम पाण्याचा पेशंट

आमच्या मेल मेडिकल वॉर्डात सोलरचं गरम पाणी सकाळी नऊपर्यंत पुरतं, तेही प्रत्येकाने एकेकच बादली घेतली तर. त्या आठवड्यात साडेसातलाच नळाला गार पाणी यायला लागलं आणि सगळा राग नर्सिंग स्टेशनवर निघायला लागला. शेवटी सफाईवाल्या मावशींनी शोध लावला. नऊ नंबरचा पेशंट पहाटे चारपासून बाथरूमला कडी लावून बसतो.

नऊ नंबर म्हणजे छत्तिशीचा, मंडप-डेकोरेशनचा धंदा असलेला माणूस. (ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत.) तक्रार उलट्यांची. पोटात काही उरलं नाही तरी कोरड्या उमाळ्यांनी माणूस दुमडून जायचा. दोन-तीन वर्षांत कितीतरी दवाखाने झाले होते. फाईल जाडजूड, एंडोस्कोपी, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, सगळे रिपोर्ट नॉर्मल. कुणी करणी सांगितली म्हणून तोही उतारा करून झालेला. आमच्याकडे आला तेव्हा पोटॅशियम उतरलेलं, क्रिएटिनिन चढलेलं म्हणजे किडनीवर ताण, आणि उलटीच्या नेहमीच्या इंजेक्शनांना तो दाद देत नव्हता.

मी दार वाजवलं तर आतून आवाज आला, "सिस्टर, पाच मिनिटं. अंगावर कढत पाणी पडतंय तोवरच बरं वाटतं. बाहेर आलो की परत सुरू." बाहेर आला तेव्हा खांदे आणि पोट लालभडक झालेलं. घरीही असंच, बायको म्हणाली, गॅसचा सिलिंडर महिना पुरत नाही.

राऊंडला मी हे पाण्याचं सांगितलं. तक्रार म्हणूनच सांगत होते खरं तर. आमचे सर मात्र फाईल मिटून त्याच्याकडे वळले. "गांजा किती वर्षं ओढता?"

केसपेपरवर 'व्यसन: नाही' असं लिहिलेलं होतं. तंबाखू, दारू, मिसरी हे आम्ही पाठ म्हटल्यासारखं विचारतो, गांजाचं नाव घेत नाही. आणि तो खोटंही बोलला नव्हता. "ते व्यसन थोडंच आहे साहेब? दारूचा थेंब घेत नाही मी. हे तर महादेवाचं." सतराव्या वर्षी मंडपाच्या पोरांबरोबर सुरुवात, आता सकाळी चहाआधी एक, मग दिवसभर.

सरांनी नाव सांगितलं, कॅनाबिनॉइड हायपरेमेसिस, म्हणजे गांज्यामुळे होणाऱ्या अनावर उलट्या. वर्षानुवर्षं रोज गांजा ओढणाऱ्यांपैकी काहींना होतं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं, आणि तिथल्या पेशंटनाही हेच गरम पाण्याचं वेड होतं. विचित्र भाग असा की गांज्यातलं नशा आणणारं जे द्रव्य, टीएचसी, याच्या उलट्यांमागे होतं, त्याचंच औषध केमोथेरपीच्या पेशंटना उलटी थांबवायला देतात. म्हणून तर हा फसला. मळमळलं की दोन दम मारायचे, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणजे गांजा हेच औषध. जितक्या उलट्या जास्त, तितक्या चिलमी जास्त. हे चक्र किती साधं आणि किती घट्ट होतं ते बघून मी थक्क झाले.

सरांनी हॅलोपेरिडॉल लावलं, मानसिक आजारांचं औषध, पण अशा उलट्यांवरही चालतं. मिरचीतल्या तिखट द्रव्याचं, कॅप्सेसिनचं मलम पोटाला चोळायला दिलं. कातडीतले उष्णतेचे जे संवेदक कढत पाण्याने जागे होतात, तेच या मलमानेही होतात. दुसऱ्या दिवशी त्याने पेज खाल्ली आणि ती टिकली. वॉर्डाला पाणी मिळालं.

पण उलटी थांबली आणि माणूस बिघडला. घामाने चादर ओली, रात्रभर डोळ्याला डोळा नाही, जेवणाचा वास नको. सलाईनचा स्टँड ढकलला, शेजाऱ्याच्या मोबाईलच्या आवाजावरून भांडला, मला म्हणाला, "तुमच्या औषधांनी डोकं फिरलंय माझं." मानसोपचाराच्या मॅडम आल्या. तो गांज्यात तंबाखू मिसळायचा, म्हणून तंबाखूची तलफ वेगळी काढायला त्यांनी निकोटिनची गोळी चघळायला दिली. थोडा फरक पडला. झोप आणि चिडचिड तशीच राहिली. गांजा सुटताना होणारा हा त्रास पहिल्या आठवड्यात सगळ्यात कडक असतो, मग उतरतो, झोप आणि भयंकर स्वप्नं मागे रेंगाळतात. दारू सुटताना फिट येते, भ्रम होतो, तसं सहसा यात होत नाही, म्हणून लोक तो धरतच नाहीत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथातही त्याला 2013 मध्ये जागा मिळाली.

त्याला वेगळीच भीती होती. पोलीस. मॅडमनी सांगितलं की 1985 च्या अमली पदार्थ कायद्यात 64अ कलम आहे, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या गुन्ह्यात संरक्षण मिळतं. मग जरा मोकळा झाला. तरी 'व्यसनी' शब्दावर अडलाच. "मनात आणलं तर उद्या सोडीन."

नाईटला त्याची बायको माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "सिस्टर, मारत नाहीत, शिव्या देत नाहीत, पैसाही फार उडवत नाहीत. तक्रार काय करू?" मग हळूहळू बोलत गेली. माहेरी मुक्काम नाही, तिकडे माल मिळत नाही म्हणून. भावाच्या लग्नात हळद लागली आणि हे रातोरात परत. लांबच्या गावची मंडपाची ऑर्डर घ्यायची नाही. कुठे निघायचं झालं तर मुलांच्या कपड्यांआधी पुडी बॅगेत. आणि श्रावण? मी विचारलं. ती हसली. "मांस-मच्छी बंद, कांदा-लसूण बंद. गांजा उलट वाढतो, महादेवाचा महिना ना."

व्यसनाच्या व्याख्येत जे जे असतं, ते सगळं तिने तक्रार नसताना सांगून टाकलं होतं. गांजा ओढणारे बहुतेक जण इथवर पोचत नाहीत, हेही खरं. साधारण दहातला एक अडकतो, कोवळ्या वयात सुरुवात केली की प्रमाण वाढतं. पण एम्सच्या 2019 च्या पाहणीत भारतात 72 लाख लोकांना भांग-गांज्याच्या त्रासासाठी मदतीची गरज असल्याचं दिसलं. 'याचं व्यसन लागत नाही' असं बिनदिक्कत सांगणाऱ्यांनी नऊ नंबरच्या बायकोशी एक रात्र बोलावं.

गांजा सोडवायला मान्यता मिळालेलं एकही औषध नाही. डिस्चार्जनंतर मॅडमकडे समुपदेशन, झोपेची घडी बसवणं, एवढंच. तो येत राहिला. वजन वाढलं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई लागली आणि पोरांच्या संगतीत परत ओढला. काही आठवड्यांत उलट्या. पण या वेळी कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवरूनच त्याने ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगितलं, "गांज्यामुळे आहे, एंडोस्कोपी नको, ते मलम द्या."

परवा ओपीडीच्या रांगेत दिसला. बरा होता. मला बाजूला घेऊन हळूच विचारतो, "सिस्टर, महाशिवरात्र आलीय. भांग चालेल ना? ती ओढत नाहीत, पितात."

मी म्हटलं, टीएचसी दोन्हीत असतं, तुमच्या पोटाला त्यातला फरक कळायचा नाही. तरी तो मॅडमना विचारायला आत गेलाच.