अकरा एक

हर्णैजवळच्या शाळेत मी आठवीला गणित शिकवतो. त्या दिवशी मूळ संख्यांचा तास होता. डहाणूला १९०५ साली जन्मलेल्या गणितज्ञ कापरेकर मास्तरांचं नाव निघालं, १११ चा वर्ग १२३२१ करून दाखवला आणि नुसत्या एकांच्या संख्या फळ्यावर आल्या. ११ मूळ. १११ म्हणजे ३ × ३७. ११११ ला ११ ने भाग जातो. पाच एक म्हणजे ४१ × २७१, सात एक म्हणजे २३९ × ४६४९.

"सर, अकरा एक?"

शंभराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, एकानेही भाग जाईना. "मूळच असावी," म्हणालो आणि पुढे गेलो. तपासणीला येणारे साहेब 'धडा कितवा चालू आहे' एवढंच विचारतात, त्याची ही घाई. ते वाक्य मला अजून सलतं.

नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन आली. "सर, ती मूळ नाही. २१६४९ ने भाग जातो." भागाकार ५१३२३९. मी हाताने दोनदा गुणाकार केला. ११,१११,१११,१११. अकराच्या अकरा एक.

तिने सगळ्या मूळ संख्या चाळल्या नव्हत्या. फळ्यावरचे अवयव पाहून तिने ताडलं होतं : ४१ आणि २७१ मधून एक काढला की पाचाने भाग जातो, २३९ आणि ४६४९ मधून काढला की साताने. म्हणून इथे अकराने जायला हवा. आणि अवयव विषम, म्हणून बाविसाने. बाविसाच्या पाढ्यात एक मिळवत ती २३, ४५, ६७ अशी चालत गेली. तीनने जाणारे आणि शेवटी पाच असणारे गाळले, तरी सव्वापाचशेच्या आसपास भागाकार उरतात. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या, मासळीचा लिलाव बंद, म्हणून बाबांचा बारा आकडी कॅल्क्युलेटर घरात रिकामा होता. वहीत ओळीने दशांश उतरवलेले. ९८४ व्या पायरीला बिंदूनंतर काहीच नाही. तिथे पेन दाबून गोल काढलेला, कागद फाटलाय.

"पण सर, १११ मधला ३ का बसत नाही?"

तेव्हा मला सांगता आलं नाही. रात्री सुचलं. दशांशात १/३७ चे ०२७ हे तीन आकडे फिरत राहतात, १/४१ चे ०२४३९ हे पाच. १/३ मध्ये मात्र एकटा ३ च फिरतो. तीनचं आवर्तन तीन आकड्यांचं नाहीच, म्हणून तो नियमाबाहेर. आणि १/२१६४९ काढून पाहिलं तर ००००४६१९१५१, बरोबर अकरा आकडे.

दुसऱ्या दिवशी हे वर्गात सांगितलं. स्टाफरूममध्ये एका सहकाऱ्याने विचारलं, "हे परीक्षेला येणार आहे का?" या प्रश्नाने आपण किती मुलं गमावली असतील!

मग मी तिला तेरा एक दिले. ते कॅल्क्युलेटरवर मावत नाहीत, म्हणून तिने फळ्यावर हातानेच भागाकार मांडला. सव्विसाचा पाढा, अधिक एक. २७ तिने नुसतं पुसलं. ५३ ला बाकी शून्य आली.