गॅपचं कारण

बुधवार, रात्रीचे पावणेदोन

झोप येऊन नाही राहिली म्हणून लिहितो. कूलर अजून खिडकीतच आहे, काढू काढू म्हणता जुलै संपत आला, अन् त्याच्या पत्र्यावर पाऊस असा वाजून राहिला की कोणी बाहेर बसून पोकरच्या चिप्स मोजते आहे असं वाटते. असो.

झालं तसं काहीच नाही. सकाळी गॅप अ‍ॅफिडेव्हिट करायला गेलो होतो. शिक्षणात तीन वर्षांचा गॅप आहे तर एमएस्सीच्या अ‍ॅडमिशनला ते लागतेच, की बाबा रे या काळात मी दुसरीकडे कुठे शिकत नव्हतो. इथे नागपुरात सिव्हिल लाइन्सला कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात ना, त्यातल्या एका काकांकडे गेलो, त्यांच्याकडे फॉरमॅट तयारच असतो, फक्त नाव, वय, पत्ता बदलायचा. पटापटा टाइप केलं अन् मग बोट कीबोर्डवर तसंच ठेवून म्हणे, "गॅपचं कारण?"

मी गप्प. तर त्यांनीच सांगितलं, आजारपण आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी आहे, घरगुती अडचणी आहे, बोला काय टाकू. हॉटेलात पोरगा मेनू सांगते तसं.

मी म्हटलं, पोकर खेळत होतो. म्हणजे म्हटलं, खरंच म्हटलं, पण एवढ्या हळू की तेवढ्यात मागून ऑटो गेला अन् काकांना ऐकू आलं ब्रोकर. "ब्रोकर? प्लॉटचे का?" बेसाकडे त्यांच्या साळ्याचा एक प्लॉट आहे म्हणे, गिऱ्हाईक असेल तर सांगा. मागे चार लोक छत्र्या घेऊन उभे. मी म्हटलं राहू द्या काका, तुम्हीच टाका काही. त्यांनी टाकलं, घरगुती अडचणींमुळे शिक्षण घेऊ शकलो नाही. सही, नोटरीचा लाल शिक्का, झालं. येता येता कस्तुरचंद पार्कजवळ तर्री पोहे पण खाल्ले मी, इतकं ते मनातून निघून गेलं होतं.

रात्री जेवण झाल्यावर बाबांनी फाइल उघडली. ते सगळे कागद वाचतात, विजेचं बिल पण मागून-पुढून वाचतात. चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्याजवळ नेला, अन् म्हणाले, "घरगुती अडचणी म्हणजे कोणत्या रे?"

रागाने नाही म्हटलं. रागाने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, मी पण दोन शब्द बोललो असतो अन् प्रकरण संपलं असतं. त्यांनी खरंच विचारलं, जसं की आपल्याला न सांगता घरात काही अडचण होऊन गेली. मग कागद परत फाइलीत ठेवला, कोपरा दुमडला होता तो नखाने सरळ केला, अन् टीव्ही लावला.

बस. एवढंच. अन् मी रात्री पावणेदोनला जागा आहे.

कारण घरात काही अडचणच नव्हती ना. लॅपटॉप बाबांनीच घेऊन दिला होता. २०२३ मध्ये बीएस्सीचा निकाल लागल्यावर मी म्हटलं की मला एमएस्सी नाही करायची, दोन वर्षं पोकर खेळून पाहतो, तर त्यांनी आठ दिवस विचार केला अन् फक्त म्हटलं की हिशोब लिहून ठेवत जा. आई रडली, ताईने फोनवर लेक्चर दिलं, मामाने रमीवर किती पोरं बुडाली त्याची नावं घेतली. बाबा मात्र कुठून तरी वाचून आले की सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्ये रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं आहे, अन् मामाला जेवता जेवता सांगितलं. पोकर वेगळा, रमी वेगळी, पण माझ्या बाजूने त्यांनी केस लढली. अन् मी त्यांच्या घरावर अडचण टाकून आलो, त्यावर नोटरीचा शिक्का मारून.

स्पर्धा परीक्षा टाकलं असतं तर कोणी काही विचारलंच नसतं. आमच्या गल्लीत एमपीएससीच्या नावावर सहा-सहा वर्षं काढलेले दादा लोक आहेत, हजारात काही जण निघतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यांना कोणी जुगारी म्हणत नाही. जाऊ द्या, त्यांच्यावर काय चिडायचं.

हिशोब मात्र मी लिहिला. अजून आहे ती एक्सेल. चार लाख हात, म्हणजे डाव, १०/२० रुपयांच्या टेबलवर, चार-चार टेबल एकदम लावून. शंभर हातांमागे अडीच बिग ब्लाइंड कमाई, बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते पाहायच्या आधी लावावी लागते ती मोठी रक्कम, इथे २० रुपये. म्हणजे पंचवीस महिन्यांत दोन लाख रुपये, म्हणजे महिन्याला आठ हजार, त्यातला ३० टक्के टीडीएस कापला की ५,६००. बर्डीच्या बाजारात मोबाईलचं कव्हर विकणारा पोट्टा यापेक्षा जास्त घेत असेल अन् त्याला रात्री तीनपर्यंत जागावं पण लागत नाही.

पण पैसा हा मुद्दाच नाही, मी स्वतःला हेच सांगतो अन् मग परत परत पैशाचाच हिशोब करतो. मुद्दा त्या अडीचचा आहे. शंभर हातांमागे माझं स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे कमाई किती वरखाली होते ते, ९५ बिग ब्लाइंड आहे. चार लाख हात म्हणजे शंभरचे चार हजार गठ्ठे, चार हजारचं वर्गमूळ त्रेसष्ट, ९५ भागिले त्रेसष्ट म्हणजे दीड. मग ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, म्हणजे खरा रेट बहुतेक कुठून कुठे असेल ती रेंज, काढला की अडीचच्या दोन्हीकडे जवळजवळ तीन. म्हणजे माझा खरा रेट साडेपाच असू शकतो, अन् उणे अर्धा पण असू शकतो. शून्य मधेच बसला आहे, मजेत, मांडी घालून. पंचवीस महिने डोळे फोडून मला हे पण छातीठोक सांगता येत नाही की मी चांगला होतो का पत्ते चांगले आले.

ज्याला हे गणित येत नाही तो सुखी आहे. तो म्हणते मी जिंकलो म्हणजे मी भारी. बीएस्सी स्टॅटिस्टिक्स करून मला फायदा काय झाला तर हा, की आपण भारी आहो असं पण समजता येत नाही.

अन् मग ते बंदच झालं. मागच्या वर्षीचा, २०२५ चा पोळा. राज्यसभेत ऑनलाइन गेमिंगचं बिल पास झालं २१ ऑगस्टला, राष्ट्रपतींची सही झाली २२ ला, म्हणजे पोळ्याच्याच दिवशी, अन् दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पैशाचे सगळे ऑनलाइन खेळ बंद, कौशल्याचा असो की नशिबाचा, कायद्याला फरक नाही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही त्यात, खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षं अन् एक कोटीपर्यंत दंड. त्या एक-दोन दिवसांतच अ‍ॅपवर मेसेज आला की टेबल बंद, पैसे काढून घ्या. माझा शेवटचा हात सत्ती-दुर्री होता, वेगवेगळ्या रंगाची, सगळ्यात फालतू हात. विचार न करता फोल्ड केला, म्हणजे टाकून दिला. चार लाखातला शेवटचा हात आहे हे माहीत असतं तर निदान फ्लॉप, म्हणजे टेबलवर उघडतात ते पहिले तीन पत्ते, तरी पाहिला असता.

त्या तान्हा पोळ्याला, शनिवारी, मारबत म्हणजे रोगराई घेऊन जाणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक पाहायला गेलो होतो महालात, गर्दीत पोट्टे ओरडत होते, घेऊन जा गे मारबत, रोगराई घेऊन जा, अन् मी पण ओरडलो त्यांच्यासोबत. आजूबाजूला कोणाला माहीत की मी त्या वर्षी नेमकी कोणत्या बाजूची इडापीडा होतो.

कायदा चुकला असं पण म्हणता येत नाही मला. टेबलवर माझ्यासमोर जे बसत ते कोण होते मला माहीत आहे, नाव नाही माहीत पण खेळावरून कळते, पगाराच्या तारखेला येणारे, हरले की दुप्पट लावणारे. माझे अडीच त्यांच्याच खिशातून आले, अन् त्यांच्या खिशातून अ‍ॅपने रेक, म्हणजे आपलं कमिशन, घेतला तो वेगळा. हे मी बाबांनी लिहायला सांगितलेल्या हिशोबात कधी लिहिलं नाही. यावर आज नाही लिहीत.

आजी नल-दमयंतीची गोष्ट सांगायची, दमयंती आपल्या विदर्भाची पोरगी म्हणून तिला फार कौतुक. नल जुगारात राज्य हरला, रानात भटकला, पाहा जुगाराने काय होते, असं म्हणून आजी थांबायची. पुढची गोष्ट मला मोठेपणी कळली. ऋतुपर्ण राजा अन् नल रथात बसून विदर्भाकडेच येऊन राहिले असतात, रस्त्यात बेहड्याचं झाड लागते, अन् ऋतुपर्ण चालत्या रथातून सांगते की त्या दोन फांद्यांवर फळं इतकी आहेत, २०९५. नलाचा विश्वास बसत नाही. तो रथ थांबवते, उशीर होऊन राहिला तरी ऐकत नाही, खाली उतरून मोजते, तर नेमकी तेवढीच. मग तो राजाकडून ती विद्या शिकते, फाशांची, अन् परत जाऊन खेळून राज्य जिंकून घेते. खेळूनच! आजीने हे कसं काय गाळलं बाप्पा.

पण मला त्यात ते राज्यबिज्य नाही आवडत, ते मोजणं आवडते. नलाला रथ थांबवू दिला. मोजायला मिळालं त्याला. माझी अर्धी फांदी मोजून झाली अन् झाडच उचलून नेलं.

रड खूप झाली. चहा करून आलो आत्ता, दुधाची साय गॅसवर सांडली, सकाळी आई ओरडेल.

गोव्यावाल्या पोकरच्या दोस्ताचा मेसेज तसाच पडला आहे दोन दिवसांपासून. तो म्हणते इकडे ये, मांडवीवरच्या बोटींवर लाइव्ह खेळू, तुला एकजण स्टेक करायला, म्हणजे खेळायचे पैसे द्यायला, तयार आहे, फिफ्टी-फिफ्टी. फिफ्टी-फिफ्टी म्हणजे नफा, तोटा झाला तर तो मेकअप म्हणून आपल्या नावावर चढतो अन् आधी तो फेडायचा, मगच नफ्यात वाटा. तो स्वतः किती मेकअपमध्ये आहे हे त्याने सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही. मी फक्त भागाकार केला. लाइव्हमध्ये तासाला तीसेक हात मिळतात. दिवसाचे आठ तास धरले तर २४०. माझे ते चार लाख परत खेळायचे म्हटले तर साडेचार वर्षं, एकही सुट्टी न घेता, दिवाळीला पण नाही. अन् इंटरव्हल अर्धा करायचा तर चारपट हात लागतात. म्हणजे अठरा वर्षं. अठरा वर्षांनी मी एकेचाळीसचा असेन, बोटीत बसलेला असेन, अन् तेव्हा मला कळेल की मी चांगला होतो का नाही. हे लिहिताना मला हसू आलं, खरंच आलं, अन् या दोन दिवसांत पहिल्यांदा त्या मेसेजची भीती नाही वाटली.

इकडे अमरावती रोडचं विद्यापीठाचं स्टॅटिस्टिक्स डिपार्टमेंट आहे, एमएस्सीची दोन वर्षं, चार सेमिस्टर. त्याचं तरी कुठे माहीत आहे काही. एमएस्सी एकदाच करता येते, सँपल साइझ एक, इंटरव्हल काढायची सोयच नाही. ताई म्हणते डिग्री म्हणजे सेफ. माझ्या बॅचचे तीन जण एमएस्सी करून धंतोलीच्या क्लासमध्ये, जिथे मी पण शिकवतो, माझ्याच शेजारच्या खोलीत बारावीची पोरं शिकवून राहिले, पगार सेम. एक बंगलोरला आहे, मस्त आहे. चारात एक. हा हात मी पोकरमध्ये कॉल केला असता का, म्हणजे समोरच्याएवढे पैसे लावले असते का, ते पॉटमध्ये, मधे जमलेल्या पैशांत, किती आहे त्यावर.

काल प्रोबॅबिलिटीचं जुनं पुस्तक काढलं होतं, पहिल्याच धड्यात ते आहे, पास्कल अन् फर्मा, दोघं गणिती, १६५४, दोघांनी एकमेकांना पत्रं लिहिली की खेळ मधेच थांबला तर लावलेले पैसे दोघांत कसे वाटायचे. पहिल्या वर्षाला असताना पाठ केलं होतं, पाच मार्काला यायचं. तेव्हा कळलं नाही की हा आख्खा विषय मधेच बंद पडलेल्या जुगारातून निघाला. पण त्यांच्या गणितात पुढचा डाव कोणी जिंकायचा चान्स अर्धा-अर्धा धरलेला असतो. माझा अर्धा आहे का, तेच तर मला माहीत नाही.

डिपार्टमेंटच्या मॅडमना विचारीन. म्हणजे अ‍ॅडमिशन झाली तर.

हे आत्ता लिहिलं अन् पाहिलं की मी आधीच ठरवून बसलो आहे. बरं. पण मग सकाळी तोंडातून आवाज का नाही निघाला? त्या काकांना काय फरक पडत होता, त्यांना दीडशे रुपयांशी मतलब. विद्यापीठातल्या क्लार्कला तर गॅप बिलकुल वाचायचा नसतो, शिक्का आहे का तेवढं पाहते तो. मी कोणाला घाबरलो नेमका? छत्र्या घेऊन उभ्या असलेल्या चार लोकांना? हरलो असतो तर सांगितलं असतं, ते सोपं आहे, लोक मान हलवतात. जिंकलो असतो तर छाती काढून सांगितलं असतं. उणे अर्धा ते साडेपाच कसं सांगायचं कोर्टाबाहेर उभं राहून.

 

बाबा आत्ता पाणी प्यायला उठले होते, दाराच्या फटीतून लाइट पाहून आत डोकावले. म्हणाले, झोप नाही का. मी म्हटलं बाबा, ते कागदावर चूक झाली आहे. म्हणाले, हो, झाली आहे. मी म्हटलं काय लिहायला पाहिजे होतं? थोडा वेळ उभे राहिले, मग म्हणाले, "तारीख तर पाहा आधी. २०२३ ते २०२५ टाकलं त्याने. हे कोणतं साल आहे?"

पाहिलं. खरंच एक वर्ष खाल्लं काकांनी. म्हणजे कागद तसाही बाद, उद्या परत करावाच लागते, परत दीडशे. बाबा म्हणे अकराच्या आत जा, नंतर गर्दी होते, अन् लाइट बंद करून गेले. मी परत लावला.

ऑटोचा काही भरवसा नाही म्हणून चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे. पोकर. ब्रोकर नाही. पाऊस असाच राहिला तर शाई पसरेल, फाइलीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो.