खुणा जुळल्या, तरी गाडी घाट चढेना

कासच्या रस्त्याला वर राहणारे एक दूधवाले काका गाडी घेऊन आले, तेव्हा त्यांचं मन आधीच ठरलेलं होतं. "बोअर-पिस्टन टाकून द्या मिस्त्री. कंप्रेशन गेलंय म्हणत्यात." बोअर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो तो सिलिंडर, आणि कंप्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना आतल्या मिश्रणावर पडणारा दाब. गाडी म्हणजे 100 सीसीची मोटरसायकल, कार्बोरेटरवाली. मागं दोन्ही अंगाला दुधाचे कॅन. यवतेश्वरचा घाट पहिल्या गियरवरही धड चढत नव्हती. कुणी त्यांना वर हवा विरळ असते असंही सांगितलेलं. कास साधारण 1200 मीटरवर आहे, साताऱ्याहून चार-पाचशे मीटर उंच. तेवढ्यानं ताकद पाच-सहा टक्के घटेल. तेवढ्यावर गाडी घाटात अडणार नाही. आणि ही तर पोवई नाक्यावरच्या सपाट रस्त्यावरही ओढत नव्हती.

मी आधी गाडीचा इतिहास विचारला. टायमिंग चेन (पिस्टनला जोडलेल्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते ती) आवाज करायला लागली म्हणून त्यांनी एका ठिकाणी ती बदलून घेतली. त्यानंतर गाडी चांगली चालली. मग एक दिवस घाटात अचानक दम गेला. दुसऱ्या ठिकाणी दाखवली, तिथं 'टायमिंग चुकलंय' म्हणून हेडचं कव्हर उघडून काहीतरी केलं, आणि तेव्हापासून गाडी आणखीच बसली. चांगली, मग ढिली, मग जास्तच ढिली, हा क्रम मला महत्त्वाचा वाटला. पिस्टनवरच्या रिंगा अशा टप्प्याटप्प्यानं जात नाहीत.

अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून कंप्रेशन मोजलं. गेजवर सात किलो. अशा इंजिनाला अकरा-बारा तरी हवं. प्लगच्या भोकातून थोडं ऑईल सोडून पुन्हा किक मारल्या. काटा तसूभर हलला नाही. रिंगा गेल्या असत्या तर ऑईलनं फट भरली असती आणि आकडा वर गेला असता. मग दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवून कंप्रेसरची हवा आत सोडली. कार्बोरेटरकडं कान लावला, सायलेन्सरकडं लावला, इंजिनाच्या खालच्या भागातली हवा सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीशी बोट धरलं. कुठंही फुसफुस नाही.

म्हणजे सिलिंडर हवा धरत होता, पण पुरेशी भरून घेत नव्हता. एअर फिल्टर काढला तर तो पेट्रोलनं ओलसर. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटत असला की वर येणारा पिस्टन आत घेतलेलंच मिश्रण पुन्हा कार्बोरेटरकडं ढकलतो. माझी खात्री झाली, कॅम मागं पडलाय.

आता खुणा बघायच्या. क्रँकच्या टोकावर मॅग्नेटचं चाक असतं; त्याच्यावरची 'टी', म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, बॉडीवरच्या खुणेला लावली. कॅम स्प्रॉकेटची खूण जवळपास जागेवर, फार तर अर्धा दात मागं. एवढं चेन थोडी लांबली तरी दिसतं. अर्ध्या दातानं सात किलो? पटेना. ठिणगीबरोबर लुकलुकणारी टायमिंग लाईट लावली, तर 'एफ', म्हणजे ठिणगीची खूण, बरोबर जागेवर. ठिणगीही वेळेवर. तरी सायलेन्सरचा बेंड निळा पडलेला, आणि तो ठिणगी उशिरा पडल्याचं सांगत होता.

मग डोक्यात आलं: ही सगळी साक्ष एकट्या मॅग्नेटची आहे. 'टी' त्याच्यावर, 'एफ' त्याच्यावर, ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या पल्सर कॉईलला इशारा देणारा उंचवटाही त्याच्यावर. मॅग्नेटच क्रँकवर सरकला असेल तर तिघंही एकसुरात चुकीचं सांगतील, आणि लाईटला त्यातलं काही कळणार नाही.

पिस्टन खरा कुठं आहे, हे प्लगच्या भोकात काडी घालून कळत नाही. वरच्या टोकाशी पिस्टन जवळजवळ थबकलेला असतो. क्रँक बारा अंश फिरला तरी तो मिलिमीटरभरही खाली येत नाही. त्यासाठी माझ्याकडं एक जुना प्लग आहे, चिनीमाती फोडून आत बोल्ट बसवलेला; हवा अडू नये म्हणून बोल्टला मधून बारीक भोक. तो हेडमध्ये लावला. मॅग्नेट हातानं हळूच फिरवला, पिस्टन बोल्टला टेकला, बॉडीच्या खुणेसमोर मॅग्नेटवर रेघ मारली. उलट फिरवून पुन्हा टेकवला, दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये कागदाची पट्टी धरली आणि बरोबर अर्ध्यात दुमडली. खरं वरचं टोक त्या दुमडीशी. 'टी' तिथून सेंटीमीटरभर बाजूला होती.

पुलर लावून मॅग्नेट काढला. क्रँकच्या टेपरवर, म्हणजे मॅग्नेट बसतो त्या निमुळत्या टोकावर, ऑईलचा थर, आणि अर्धचंद्राच्या आकाराची चावी मधून कातरून दोन पायऱ्यांची झालेली. मॅग्नेटला धरून ठेवतो तो टेपर. चावी फक्त जागा दाखवते. चेन बदलताना टेपर पुसला गेला नाही, नट पुरता आवळला नाही, आणि घाटात मॅग्नेट मागं सरकला. ठिणगी उशिरा पडायला लागली. दुसऱ्या मिस्त्रीला खुणा अर्धा दात पुढं दिसल्या असणार, म्हणून त्यानं चेन एक दात मागं घेतली. एक दात म्हणजे क्रँकवर वीस अंशांहून जास्त! आधी ठिणगीच उशिरा होती, आता व्हॉल्व्हही.

नवी चावी आणली. टेपर बारीक ग्राइंडिंग पेस्टनं मॅग्नेटशी घासून बसवला, पेट्रोलनं धुऊन कोरडा केला, नट टॉर्क पान्यानं आवळला. कॅम एक दात पुढं घेतला, टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, लावले. कंप्रेशन साडेअकरा.

काकांना कातरलेली चावी दाखवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "एवढीशीच? आन् बोअर?" बोअरला हात लावायची गरजच नव्हती, त्याच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे नवा असताना घासून पाडलेल्या, रेघा अजून दिसत होत्या. कॅन भरून घाट चढा आणि मग काय ते सांगा, म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला: भरल्या कॅननिशी गाडी घाटात तिसऱ्या गियरवर चालली होती. बेंड मात्र निळाच आहे, तो बदलायचा का, असं विचारत होते. नको म्हणालो.